भिंतीवरचा दाणा

रेघ स्पष्ट होती. ललिता बसल्या जागी दचकली ती त्या रेघेमुळे, चेहऱ्यामुळे नव्हे. अमरावतीच्या त्या सभागृहात पंखे घरघरत होते, मागच्या रांगेत कुणीतरी शेंगा फोडून खात होतं, आणि पडद्यावर पंचावन्न-साठ वर्षांपूर्वीची अकोल्याची एक जिनिंग फॅक्टरी चालू होती. मोठं अंगण, त्यात कापसाचे ढीग, ढिगांपाशी बसून किडका कापूस वेगळा काढणाऱ्या बाया आणि मागे चुन्याने पोतारलेली लांबच लांब भिंत. पुढच्या ओळीतल्या एका बाईने मान वर केली, हात कपाळाशी नेला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. ‘माय दिसन त्यात, जाऊन पाय,’ असं प्रीतमदादाने अकोल्याहून फोनवर सांगितलं होतं. माय त्याच फॅक्टरीत कामाला होती. शूटिंगच्या दिवशी ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गेली, एवढं दादाला आठवत होतं. ललिताला तेवढंही नाही. माय काविळीत गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मायचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. पडद्यावरची ती बाई मायच, असं तिने धरलं. त्या बाईला चेहरा होता, पण नाक-डोळे नव्हते. ओल्या बोटाने पाटीवरचं अक्षर अर्धवट पुसावं तसं काहीतरी होतं. आणि त्या पुसट चेहऱ्यावरून, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी एक पांढरी रेघ गेली होती. तिची धार अशी की बोट कापेल.

दिवे लागल्यावर आयोजक माइकवर म्हणाले, की कै. केशवरावांनी हे चित्रण हौसेने केलं, त्यांच्या कॅमेऱ्याचा फोकस जरा हललेला आहे, पण त्या काळाच्या मानाने आपण समजून घेतलं पाहिजे. लोकांनी समजून घेतलं. बाहेर चहा होता. ललिता चहा न घेता पायऱ्या उतरली आणि राजकमल चौकाकडे चालू लागली. दोन रिक्षा तिच्याजवळ थांबून निघून गेल्या. ती भौतिकशास्त्र शिकवत होती, निवृत्ती जवळ आली होती, आणि प्रकाशाची बेरीज-वजाबाकी तिच्या डोक्यात आपोआप होत असे, जशी काहींच्या तोंडात सुपारी आपोआप फिरते. दाखवली गेली ती प्रत. मूळ निगेटिव्ह वेगळी. प्रतीची पाठ घासली असती तर पडद्यावर रेघ काळी उमटली असती. रेघ पांढरी आहे, म्हणजे ती निगेटिव्हच्या पाठीवर होती आणि प्रत काढताना चित्राबरोबर उतरली. फिल्मच्या पट्टीला दोन अंगं असतात. एका अंगाला चित्र, दुसऱ्या अंगाला कोरी पाठ, आणि मध्ये पट्टीची जाडी, पोस्टकार्डाच्या निम्मी. प्रत काढणाऱ्याने भिंग रोखलं ते पाठीवरच्या रेघेवर. रेघ डोळ्याला आधी सापडते. ती धारदार दिसली की माणसाला वाटतं, झालं. चित्र राहिलं पलीकडच्या अंगाला. मग माय पुसट नव्हती. केशवरावांचा कॅमेराही हलला नव्हता. प्रत करताना कुणाची तरी नजर पोस्टकार्डाच्या निम्म्या जाडीने अलीकडे थांबली होती, एवढंच. इर्विन चौकापर्यंत येईतो तिचं ठरून गेलं होतं. निगेटिव्ह शोधायची.

दादाला फोन केला तर तो हसला. ‘अवो बाई, माय कुठी एका जागी थांबे? हालली असंन थे. कॅमेरा पायला का तोंड फिरवे लोकायचं. लाजे थे.’ ‘हललेली वस्तू एका बाजूला ओढल्यासारखी दिसते, दादा. ही सगळीकडून सारखी पुसट आहे,’ ती म्हणाली. ‘म्हंजे?’ ‘म्हंजे माय नाई हालली.’ मग दादा म्हणाला, ‘तू कॉलेजातल्या पोरायले असंच दमात घेतं का वो?’ पण त्याने केशवरावांच्या मुलाचा नंबर मिळवून दिला.

बडनेरा मागे पडलं की एसटीच्या खिडकीतून काळी रानं सुरू होतात. कापसाची वेचणी चालू होती. पऱ्हाटीच्या ओळींत ओटी बांधलेल्या बाया वाकलेल्या होत्या, आणि गाडीच्या वेगाने त्यांचे चेहरेही पुसून जात होते. मात्र एका बाजूला ओढल्यासारखे. मायची म्हणून एकच गोष्ट ललिताजवळ होती. ती चित्र नव्हे, स्पर्श होता. डोळ्यांवर ठेवलेला तळहात. खरखरीत, गरम, सरकीच्या तेलकट वासाचा. कुठेतरी पांढरं काहीतरी उडत होतं, बहुतेक कापसाचा भुसा. तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून कुणीतरी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. आणि त्या हाताच्या बाहेरच्या कडेला एक फट होती, ती बुजत नव्हती. त्या फटीतून उजेडाची चिरी आत येत होती. पुढे एम.एस्सी.ला असताना अंधाऱ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा चिरीतून प्रकाश सोडला तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं होतं आणि आलं नव्हतं. ही आठवण तिने कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. सांगितली की लोक विचारतात, इतक्या लहानपणचं कसं आठवतं? आणि मग ती झिजते. मूर्तिजापूरला गाडी थांबली. संत्रीवाला खिडकीशी आला. तिने नको म्हटलं, मग बोलावून घेतली, आणि सोलून तशीच मांडीवर ठेवली.

अकोल्यात टिळक रोडच्या आतल्या गल्लीत केशवरावांचा स्टुडिओ होता. आता तो त्यांचा मुलगा अमोल चालवत असे. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा गृहस्थ. पाटीवर प्री-वेडिंग आणि ड्रोन. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि ललिताने प्रतीचा विषय काढताच त्याचा चेहरा बंद झाला. ‘म्हंजे बाबाले फोकस येत नव्हता, हेच सांगाले तुमी अमरावतीवून आल्या? थ्या दिवशी हॉलमंदी माइकवर सांगतलं लोकायले, तेवढ्यानं झालं नाई?’ ललिताने ग्लास खाली ठेवला. ‘उलट सांगते आहे, अमोलभाऊ. शूटिंगच्या वेळी तुमच्या बाबांचा फोकस बरोबर होता. चूक असेल ती प्रत काढतानाची आहे.’ ‘प्रतही बाबानंच काढली.’ ‘कधी?’ तो खाली पाहू लागला. ‘शेवटी शेवटी. मोतीबिंदू होता. आपरेशनले भेत होते. म्हने, मशीनच्या भिंगातून मले सगळं दिसते, घरात काई दिसत नाई.’ आणि मग, जणू तिने काही वाईट म्हणायच्या आत, तो उठला आणि मागच्या खोलीचं कुलूप काढू लागला.

प्रत काढायचं यंत्र पाहून ललिता जागीच थांबली. तो चक्क एका लेथचा पाया होता, भंगारात निघालेला, त्याच जिनिंग फॅक्टरीच्या वर्कशॉपमधला. एका टोकाला दिव्याची पेटी आणि फिल्म धरणारं गेट, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, आणि मध्ये, जिथे लेथवर हत्यार सरकतं तिथे, पितळी नळीत बसवलेलं भिंग. प्रकाश इकडून निघायचा, फिल्ममधून आणि भिंगातून जाऊन तिकडच्या कॅमेऱ्यात त्याच आकाराने उतरायचा. एकेक फ्रेम. ‘थे कॅमेऱ्याचं रीळ आता भेटत नाई,’ अमोल म्हणाला. ‘माया डिजिटल बसते तथी. पन कायले, मॅडम? दिवाळीच्या आंधी जागा खाली करून राहिलो मी. हे सगळं भंगारात चाललं.’ निगेटिव्हचा डबा त्याने उघडला आणि खोलीभर आंबूस, व्हिनेगरचा वास पसरला. ललिताला तो वास पुस्तकातून माहीत होता. असा वास सुटलेली पट्टी आक्रसत जाते, वाकते. कडेची भोकं दात्यांवर बसेनाशी होतात. तिने एक वीत पट्टी उजेडाकडे धरली. फ्रेम नखाएवढी, आणि तिच्यातली बाई तांदळाच्या दाण्याएवढी. पट्टी आधीच कमानीसारखी वळत होती. पुढच्या वर्षी ती सपाट बसणार नव्हती. कदाचित दिवाळीनंतरही नाही. ‘जागा सोडायच्या आधी मला हे यंत्र द्या,’ ती म्हणाली. ‘विकत?’ ‘वापरायला. आणि तुम्ही सोबत पाहिजे.’ अमोलने चष्मा काढून शर्टाने पुसला. ‘बाबाचा शॉट शार्प निंगाला तर थे हॉलवाले पुन्हा माइकवर सांगतीन का?’ ‘मी सांगायला लावीन.’ ‘सांगायलेच लावसान तुमी,’ तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

रजा टाकून ती दादाच्या घरी राहिली. अकोल्यात उतरलं की तिची जीभ आपोआप वऱ्हाडीकडे वळे, पण यंत्राच्या खोलीत ती फारशी बोलत नसे. आधी फिल्म, भिंग, कॅमेरा, सगळं एका रेषेत आणायला हवं होतं. रेषा चुकली की फ्रेमची एक कड धारदार होते आणि दुसरी विरघळते, मग कितीही फोकस करा. तिने काळ्या पट्टीला टाचणीने भोक पाडून ती गेटमध्ये लावली आणि कॅमेऱ्याच्या जागी एक छोटा आरसा उभा केला. भोकातून निघालेला उजेड भिंगातून जाऊन आरशावर पडेल, आल्या वाटेने मागे फिरेल, आणि सगळं सरळ असेल तर पुन्हा त्याच भोकावर येऊन बसेल. तो बसत नव्हता. भोकाच्या डावीकडे, थोडा खाली, एक फिकट ठिपका रेंगाळत होता, घर चुकलेल्या माणसासारखा. तिने भिंगाच्या बैठकीखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या, काढल्या, पातळ केल्या. अमोल आधी दारात उभा राहून पाहत असे. मग स्वतःच कात्रीने चकत्या कापू लागला. ‘बाबा चहाच्या डब्याच्या झाकनाच्या कापत,’ तो म्हणाला. ‘आमची माय ओरडे त्यायले, झाकनं कुठी जाते म्हनून.’ ठिपका भोकावर आला तेव्हा अमोलने हातातली कात्री खाली ठेवली. सरळ झालेल्या गोष्टीला आवाज नसतो.

भिंग आणि कॅमेरा यांचं नातं तिने त्याला एकदाच सांगितलं. जेवढ्यास तेवढं चित्र घ्यायचं असेल तेव्हा भिंग पुढेमागे केलं की आकार बदलतो, धार फारशी नाही. धार हवी तर कॅमेरा हलवायचा. ज्याला हे माहीत नसतं तो भिंगच ढकलत बसतो, आणि चित्र लहानमोठं होत राहतं. अमोल म्हणाला, ‘बायकोसोबत भांडनासारखं आहे हे. आपुन भलतंच हालवून राहतो.’ ती हसली. मग त्याने निगेटिव्ह गेटमध्ये लावली, भोकं दात्यांवर न बसल्यामुळे बोटाने अलगद दाबून धरली, आणि लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं केलं. बाई मान वर करून बसली होती. ललिता कॅमेऱ्याची मूठ हळूहळू फिरवू लागली. रेघ धारदार झाली, मग विरली. चेहरा सुधारला. ‘आला! आला! थांबा मॅडम!’ अमोल म्हणाला. ती थांबली. तिलाही दिसला. रुंद कपाळ, दादाच्यासारखं नाक, डोळ्यांत थोडं हसू. तिने मूठ आणखी किंचित फिरवली; कपाळ तसंच, नाक तसंच. उलट फिरवली, तसंच. कॅमेरा एवढा हलूनही जे हलत नाही ते फिल्मवर नाही. ते ती स्वतः तिथे ठेवत होती. इतकी वर्षं आरशात स्वतःचं तोंड पाहून, दादाचं पाहून, वजा करत करत तिने जो एक चेहरा मनात बनवला होता, तो तिथे नेऊन चिकटवत होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी केशवरावांनी निदान खरी रेघ तरी पाहिली होती.

‘चेहऱ्यावर नको,’ ती म्हणाली. ‘भिंत दाखवा.’ ‘भिंतीवर काय आहे?’ ‘काही नाही. म्हणून.’ चुन्याची ती रिकामी भिंत त्याने मोठी करून पडद्यावर आणली. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं, इच्छा करण्यासारखंही नव्हतं. ललिताने मूठ फिरवली. करडा धूर. आणखी करडा धूर. मग धुराला खडबडीतपणा आला, आणि एकाएकी तो फुटून दाणे झाला. रव्यासारखे, बारीक, एकमेकांपासून सुटे. फिल्मवरच्या चांदीचा दाणा. चित्र ज्याचं बनतं तो. तो दिसला म्हणजे भिंग चित्राच्या अंगावर आलं. मग त्या दाण्यांनी काहीही बनलेलं असो. ती दाण्याच्या पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि मधोमध थांबून तिने कॅमेरा जागी धरणारी खिळी आवळली. चारही कोपरे पाहिले. चारही कोपऱ्यांत दाणा होता. ‘आता चेहरा,’ ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला जाणवलं की आपण डोळे मिटले आहेत.

डोळे उघडले तेव्हा आधी तिने हातच पाहिला. बाईने उन्हाला आड म्हणून कपाळाशी धरलेला हात. चार बोटं जुळलेली, आणि करंगळी मधूनच बाहेर वळलेली, जणू कुणीतरी तिला बाजूला बोलावलं होतं. जिनच्या पट्ट्यात सापडलेली करंगळी. ती करंगळी ललिताच्या ओळखीची होती. त्या करंगळीने तिची वेणी घातली होती, शाळेच्या पहिल्या दिवशी तिचं बोट धरलं होतं, मॅट्रिकच्या निकालाला पेढा भरवताना तिच्या गालाला लागली होती. शेजारची तानुबाई. माय गेल्यावर बाप दिवसभर बाहेर, तेव्हा जिने दोन्ही पोरांना आपल्या चुलीपाशी घेतलं ती. तानुबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ललिताला आठवत होती ती म्हातारी, दात पडलेली. ही तिशीची, भरल्या तोंडाची, कॅमेऱ्याकडे बिनधास्त पाहून हसणारी. आणि मग, कुणी हाक न मारता, ती दुसरी गोष्ट उठून तिच्यापाशी आली. डोळ्यांवरचा तळहात. बाहेरच्या कडेची बुजत नसलेली फट. करंगळी जुळत नाही त्या हाताला फट राहणारच. उजेडाची ती चिरी तिने आयुष्यभर मायची म्हणून जपली. आणि तानुबाईची करंगळी तिने रोज पाहिली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहत होत्या, पण वेगवेगळ्या खोल्यांत, मधलं दार कधी उघडलंच नव्हतं.

दादा जेवणाचा डबा घेऊन आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्याने चप्पल बाहेर काढली, आत येऊन पडद्याकडे पाहिलं, आणि डबा हातातच राहिला. ‘अवो, हे तं तानुबाई!’ तो ओरडलाच. ‘हे करंगळी पाय! बापा, कशी दिसून राहिली. आता बोलन असं वाटते. चाल म्हनन, भाकर खाऊन घे म्हनन.’ मग तो थांबला. बहिणीकडे न पाहता त्याने विचारलं, ‘मंग माय?’ तो पडद्याजवळ गेला, इतका की अमोलला त्याला दंडाला धरून थोडं मागे घ्यावं लागलं. त्याचं बोट पुढची ओळ सोडून मागे गेलं, ढिगांच्या पलीकडे, भिंतीच्या बरंच अलीकडे, जिथे एक बाई वाकलेली होती. ‘थे,’ तो म्हणाला. ‘थे पाय. डाव्या हातानं कापसाची पाटी उचलून राहिली. डावरीच होती माय. आजी चिडवे तिले.’ त्याचा आवाज बारीक झाला. ‘मी सांगतलं नोतं का, तोंड फिरवे म्हनून?’

अमोलने ती बाई मोठी करून मधोमध आणली. तिने तोंड फिरवलं नव्हतं. ती वाकून, अर्धी वर पाहत होती, पण कॅमेऱ्याकडे नव्हे, तानुबाईच्या पाठीकडे. काहीतरी सांगत असावी, किंवा तिच्या हसण्याला हसत असावी. कपाळ होतं, डोळ्यांच्या जागी सावल्या होत्या, तोंड किंचित उघडं होतं. त्याहून जास्त काही नव्हतं. सगळीकडून सारखं पुसट. ‘इथी फोकस नाई झाला, मॅडम,’ अमोल हळूच म्हणाला. ‘कॅमेरा जराक हालवू का?’ त्याचा हात खिळीकडे गेलाही. दादा म्हणाला, ‘हालव ना, बापा. आन तिले जवळ.’

‘हात लावू नका,’ ललिता म्हणाली.

तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला. ती उठून पडद्याशी गेली. मायच्या पुसट गालावर तिने पाहिलं, जसं मघाशी भिंतीवर पाहिलं होतं तसं, काही न मागता. दाणा होता. बारीक, सुटा, प्रत्येक कण आपापल्या जागी, भिंतीवर होता तितकाच धारदार. यंत्र बरोबर होतं. रेषा सरळ होती, भिंग चित्राच्या अंगावर होतं, आणि यापुढे त्या यंत्राकडून मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी केशवरावांनी आपला कॅमेरा पुढच्या हसऱ्या बाईवर रोखला होता, आणि माय तिच्या मागे, त्या कॅमेऱ्याच्या फोकसपलीकडे, काम करत होती. हा पुसटपणा प्रतीचा नव्हता, रेघेचा नव्हता, मोतीबिंदूचा नव्हता. तो त्या दुपारचा होता. माय तिथे होती तितक्याच अंतरावर ती दिसत होती. ‘येत नाई दादा थे जवळ,’ ती म्हणाली. ‘थे तथीच होती.’ दादाने मान हलवली. त्याने डबा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला, तानुबाईच्या चुलीपाशी बसत असे तसा.

‘बाबाचा शॉट मात्र शार्प होता,’ अमोल म्हणाला. प्रश्न नव्हता, तरी तो थांबला.

‘होता,’ ललिता म्हणाली. ‘करंगळी दिसते आहे.’

ती परत यंत्रापाशी आली. पट्टी अजून बरीच उरली होती आणि तिच्यात अजून पुष्कळ बाया होत्या, कुणाच्या कुणाच्या. त्यांची नावं दादाला विचारायची होती. आणि पट्टी आक्रसत होती. तिने अमोलला खूण केली. त्याने पट्टी एक घर पुढे सरकवली, दोन बोटांनी कडा सपाट धरल्या. ललिताने भिंतीचा कोपरा मोठा करून दाणा पाहिला, मग कळ दाबली. पुढची फ्रेम. भिंत, दाणा, कळ. आणखी पुढची. जेवण थंड होत होतं. दादा पडद्यावरच्या मागच्या ओळीकडे पाहत होता, आणि मध्येच त्याने श्वास घेतल्याचा आवाज आला, म्हणून ललिताने पडद्याकडे मान वळवली. तानुबाई अजून तशीच हसत होती. तिच्या मागे, एका फ्रेमइतकीच, मायच्या डाव्या हातातली पाटी जमिनीवरून वर आली होती.